विषारी प्यादं

पटापासून लांब असताना माझा उजवा हात गुणी आहे. भाकऱ्या थापतो, स्कूटर चालवतो, बँकेत सह्या करतो. पण काळ्या सोंगट्या घेऊन मी बुद्धिबळाला बसले आणि समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं, की तो माझा राहत नाही. तो सी-ओळीतलं प्यादं पुढं सारतो, मग पुढच्या चाली एकामागून एक उरकतो, आणि आठव्या चालीला माझा वजीर थेट शत्रूच्या घरात नेऊन बी-दोन या घरातलं प्यादं मारतो. तिथून मी हरते. हे मला आधीपासून माहीत असतं, समोरच्याला माहीत असतं, बाहेरच्या चहावाल्यालाही माहीत असतं. फक्त हाताला माहीत नसतं.

लोक सल्ले फार देतात. डाव्या हातानं खेळ म्हणाले. खेळले, तर डावाही तिकडंच गेला, कारण सवय हातात नसते, मेंदूत असते. डोळे मिटून खेळ म्हणाले. मिटले, पण पट माझ्या डोक्यातही मांडलेलाच असतो. साताऱ्याच्या स्पर्धेत मी ओढणीनं मनगट खुर्चीला बांधून बसले आणि आठव्या चालीला खुर्चीसकट पटावर कलंडले. त्याचा व्हिडिओ अजून फिरतोय. मला बघायचा नाही, पाठवू नका.

हे कशानं झालं ते सांगते. दिवसा आपण जे शिकतो ते मेंदू झोपेत पुन्हा चाळतो. गाढ झोपेत मेंदूत विजेच्या संथ लाटा उठतात, आणि लाट चढत असताना दिवसातली एखादी आठवण उजळून पक्की होते. माझ्या लहानपणी एका कंपनीनं त्यावर यंत्र काढलं. कपाळाला बांधायची मऊ पट्टी. ती लाट ओळखायची आणि बरोबर चढावर कानात टिचकीएवढा आवाज करायची. दिवसा एखादी गोष्ट शिकताना तोच आवाज ऐकवलेला असला, की झोपेत मेंदू नेमकी तीच गोष्ट घोटत बसायचा. काही आठवड्यांत ती आठवणीतून निघून सवयीत जायची, जिथं आपलं पोहणं आणि सायकल चालवणं असतं. घर बदललं तरी अंधारात हात जुन्याच जागी दिव्याचं बटण चाचपतो ना, तिथं. एकदा तिथं गेलेलं पुन्हा बाहेर निघत नाही.

बुद्धिबळात ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात, आणि तिथं पाठांतराला फार भाव. पट्टी नियमातही बसत होती, कारण डावाच्या वेळी तुमच्या डोक्यात जे असेल ते तुमचंच. माझे पप्पा, बळवंत चौगुले, इचलकरंजीत बुद्धिबळाचा क्लास चालवतात. मी चौदा वर्षांची असताना त्यांनी मला पट्टी लावली आणि ओपनिंग निवडली ती सिसिलियन बचावातली, 'विषारी प्यादं' नावाची. नावावर जाऊ नकोस, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. काळ्याचा वजीर बी-दोनचं प्यादं खातो, आता अडकणार असं बघणाऱ्याला वाटतं, पण चाली बिनचूक पाठ असतील तर सुटतो. माझ्या पाठ होत्या. पुढं पाच-सहा वर्षं मी धुमाकूळ घातला.

मग एका नव्या संगणकानं ती ओपनिंग शेवटपर्यंत सोडवली. वजीर प्यादं खातो, दोन-चार चालींनंतर पांढरा राजा निमूटपणे एक घर बाजूला सरकतो, आणि काळा हरतो. सुटका नाही. प्यादं खरंच विषारी होतं. ज्यांनी ती पुस्तकातून शिकली होती त्यांनी सोडून दिली. आम्ही पट्टीवाले ती सोडू शकलो नाही. कंपनीनं घाईघाईनं उलटी पट्टी बाजारात आणली, जुन्या सवयीवर नवी सवय चढवायला. नागपूरच्या एका मुलीनं ती लावून पाहिली. तिचा हात आता वजीर उचलतो आणि हवेतच थांबतो, वेळ संपेपर्यंत.

पप्पांनी क्लासच्या दारावर पाटी लावली, 'येथे पट्टी वापरली जात नाही'. गाव म्हणायचं, पोरीवर प्रयोग करून झाला आणि आता मास्तरांना शहाणपण सुचलं. गाव मागून म्हणायचं, मी तोंडावर म्हणायचे. ते कधी उलटून बोलले नाहीत. त्यामुळे मला आणखी चेव यायचा.

गेल्या वर्षी नियम बदलला. ज्याचा हात अधू आहे त्या खेळाडूला सहायक मिळतो. खेळाडू चाल तोंडानं सांगतो, सहायक ती पटावर करतो. हा नियम आम्हा पट्टीवाल्यांनाही लागू झाला. माझी जीभ शाबूत होती, पट्टी तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती. मी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणलं तेव्हा पप्पा जेवत होते.

"माझी पोरगी अपंग हाय असं लिहून घेतलंस?"

"हाय ते लिहिलंय, पप्पा."

ते ताटावरून उठले नाहीत, पण पुढं जेवलेही नाहीत.

सांगलीची राज्य स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. नवरदेवाच्या खोलीत पंच बसलेले, नवरीच्या खोलीत जेवणाची पाकिटं. माझी मैत्रीण तहसीन मुल्ला मिरजेहून रोज यायची आणि माझा हात व्हायची. समोरच्यानं राजापुढचं प्यादं ढकललं की मी म्हणायचे, "ई-पाच." तहसीन माझ्या राजापुढचं प्यादं ढकलायची, आणि सिसिलियनचं ते भुयार सुरूच व्हायचं नाही. इतका साधा उपाय. मी खेळत सुटले. शेवटच्या फेरीच्या सकाळी मी एकटी आघाडीवर होते. बरोबरी केली तरी राज्य विजेतेपद माझं, आणि अठ्ठावीस वर्षांची होईस्तोवर ते मला कधी मिळालं नव्हतं. समोर होता जयसिंगपूरचा सन्मती मगदूम, एकोणीस वर्षांचा पोरगा, माझ्याहून अर्ध्या गुणानं मागं. त्याला जिंकणंच भाग होतं.

फेरीच्या तोंडावर तहसीनच्या भावाचा फोन आला. तिला उलट्या सुरू झाल्या होत्या, उभंही राहवत नव्हतं. सहायक आधी नोंदवलेलाच चालतो. दुसरं नाव द्यावंच लागतं म्हणून मी सुरुवातीला पप्पांचं दिलं होतं. ते रोज क्लासच्या पोरांना घेऊन डाव दाखवायला येतच होते. मी त्यांना मांडवाच्या खांबाशी गाठलं.

"माझा खांदा धरलाय गं," ते म्हणाले.

"प्यादं उचलायचंय, पोतं न्हाई."

"दुसरं कोणतरी बघ की."

"आणखी कुणाचं नाव न्हाई. तुमचंच हाय."

"मला जमायचं न्हाई, प्रणोती. सोड."

मला संताप आला. "लाज वाटते ना? पोरीचा हात व्हायची? सगळ्यांसमोर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढून बटण लावलं आणि म्हणाले, "चल."

सन्मतीनं डावाआधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तोही लहानपणी त्यांच्याच क्लासचा. मुख्य पंच देवस्थळी बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "सर असतील तर माझी कसलीच हरकत न्हाई." पप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर त्यांची पोरं, पोरांचे आईबाप. बाईंनी घड्याळं सुरू करून दिली आणि त्या पुढच्या पटाकडं गेल्या.

सन्मतीनं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं.

"ई-पाच," मी म्हणाले.

पप्पांचा हात गेला, त्यानं सी-ओळीतलं प्यादं दोन घरं पुढं ठेवलं आणि घड्याळ दाबून तो परत आला. कुठं थबकणं नाही, अडखळणं नाही. असा हात मी आयुष्यभर आतून पाहिलाय. बाहेरून पहिल्यांदाच बघत होते.

मी मान वळवली. पप्पा स्वतःच्या हाताकडं बघत होते.

सन्मतीनं हळू आवाजात विचारलं, "ताई, तू ई-पाच म्हणालीस न्हवं?"

एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर पंच आल्या असत्या, प्यादं मागं गेलं असतं, आणि कारण विचारलं गेलं असतं. इचलकरंजीचे चौगुले सर, 'येथे पट्टी वापरली जात नाही' वाले, स्वतः पट्टीवाले. मागच्या खुर्च्यांवर ते लगेच पोचलं असतं आणि संध्याकाळपर्यंत क्लास ओस. आणि मला तरी कुठं माहीत होतं? क्लासात ते कायम पांढऱ्या सोंगट्या घेऊनच बसायचे, ते कशासाठी हे आत्ता कळत होतं. आठ-नऊ वर्षं मी या माणसाला टोचून बोलत होते की तुम्ही माझं वाटोळं केलंत आणि स्वतः कोरडे राहिलात.

"सी-पाचच म्हणाले," मी म्हणाले.

सन्मतीनं खांदे उडवले आणि घोडा बाहेर काढला.

पुढचं कुणालाही सांगायला लाज वाटावी असं आहे. पप्पांचा हात कुठं जाणार ते मला ठाऊक होतं, कारण माझाही तिथंच जाणार होता. मग मी तेच घर आधी मोठ्यानं म्हणायचे, आणि हात जायचा. "डी-सहा." "प्याद्यानं प्यादं." "घोडा एफ-सहा." "ए-सहा." दुसरं काही म्हणून उपयोग नव्हता, हातानं ऐकलंच नसतं आणि पप्पा उघडे पडले असते. बघणाऱ्याला वाटत होतं, पोरगी सांगतेय आणि बाप खेळतोय. सन्मतीही पोचलेला. समोर विषारी प्याद्याची वाट दिसल्यावर तो कशाला सोडतोय. उंट बाहेर काढला, प्यादं पुढं केलं, आणि शेवटी आपला वजीर हलवून बी-दोनचं प्यादं माझ्यासमोर उघडं टाकलं. मग हाताची घडी घालून बसला.

आठवी चाल. इथून पुढं तोंडानं साथ दिली असती तर डाव संपलाच होता. इथं एकच चांगली चाल होती, वजिराकडच्या घोड्याची.

"घोडा सी-सहा," मी मोठ्यानं म्हणाले. तोवर देवस्थळी बाई आमच्या पटाशी येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

पप्पांचा उजवा हात वर आला. त्यांनी तो डाव्यानं धरला, खाली दाबला आणि मांडीखाली घेऊन त्यावर बसले. थोड्या वेळानं डावा हातही मांडीखाली घातला. क्लासात नवीन पोरांना ते हेच सांगतात, चाल सुचली की आधी हातावर बसा. मागची दोन पोरं फिदीफिदी हसली, सर आम्हाला शिकवतात तसंच करतायत म्हणून. तेवढ्यात मला दिसलं की माझाही उजवा हात टेबलाच्या कडेपर्यंत पोचलाय. मीही माझ्या दोन्ही हातांवर बसले.

आम्ही बापलेक चारी हातांवर बसून राहिलो. घड्याळ माझं चालू होतं. एक घोडा उचलून दोन घरं पुढं आणि एक घर आत ठेवायचा होता. शेंबड्या पोराला जमलं असतं. पप्पांनी हात मोकळा केला तर तो बी-दोनवर जाणार, मी केला तर माझाही बी-दोनवर. सहायकानं बोलायचं नसतं, म्हणून पप्पा गप्प. पंचांना सांगितलं तर पप्पा उघडे, म्हणून मी गप्प. चाल पटावर होईस्तोवर ती मोजत नाहीत आणि तक्रार आल्याशिवाय पंच मधे पडत नाहीत, म्हणून देवस्थळी बाईही नुसत्या बघत राहिल्या. शेजारच्या पटांवरचे डाव संपले, खेळाडू सह्या करून गेले, आणि माझ्या घड्याळातला वेळ नुसता गळत राहिला.

किती वेळ गेला ते मी बघायचं सोडून दिलं होतं, तेव्हा पप्पा बोलले. "बाई, मला हितनं उठवा."

"सहायकानं बोलू नये, सर," देवस्थळी बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"बोलतो. माझा हात बिघडलेला हाय. मी पट्टी लावलेली हाय, हिच्या आधी." त्यांचा आवाज क्लासातला होता, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "हिनं पहिल्या चालीला ई-पाच सांगितलं होतं. माझ्या हातानं सी-पाच केलं. सन्मतीनं इचारलं तवा हिनं मला झाकलं. आता घोडा म्हणते ते मला जमत न्हाई. मला उठवा आन् दुसरा माणूस द्या."

मला मागं वळून बघायचं धैर्य झालं नाही.

देवस्थळी बाई नियमाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, पहिली चाल खेळाडूनंच कबूल केली होती, ती आता बदलणार नाही. सहायक बदलायचा तर नोंदवलेला तिसरा माणूस नाही. बाहेरचा घ्यायला प्रतिस्पर्ध्याची संमती हवी. "तोवर घड्याळ थांबवता येणार नाही. सन्मती, तुझं काय म्हणणं?"

सन्मतीनं आधी घड्याळाकडं पाहिलं. मग पटाकडं, मग पुन्हा घड्याळाकडं. नाही म्हणाला असता तर बसल्या जागी राज्य विजेता झाला असता, आणि नियमानं त्याला कुणी बोल लावला नसता. त्यानं बराच विचार केला. तो करत असताना माझाच वेळ जात होता, आणि तेवढ्यासाठी मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे, पुढं त्यानं काहीही केलेलं असो.

"घोडा सी-सहाच न्हवं, ताई?" तो म्हणाला.

"व्हय."

त्यानं हात लांब करून माझा घोडा उचलला आणि सी-सहावर ठेवला. "घड्याळ तू दाब."

मी दाबलं. पप्पा उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले.

पट्टीनं घोटलेल्या वाटेवर ही चाल नव्हती. तिथून पुढं मला कुणाची गरज नव्हती. सन्मतीनं उत्तर दिल्यावर माझा हात वर आला आणि पटावर थांबला. कुठं जाऊ, असं तो विचारत होता. काळ्या सोंगट्या घेऊन बसल्यावर त्यानं मला असं कधी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, तो गेला. माझ्याकडं जेमतेम काही मिनिटं उरली होती आणि सन्मतीकडं ढीगभर वेळ, पण मी खेळले. वाईट चाली केल्या, त्यातून बाहेर आले, त्याचा एक हल्ला परतवला. वजीर मारले गेले, पटावर थोडक्या सोंगट्या राहिल्या, आणि डाव बरोबरीत आला. त्यालाही ते कळलं होतं, त्याचा पाय टेबलाखाली हलायला लागला होता. अर्धा गुण. मला फक्त जागच्या जागी बसून राहायचं होतं.

मी घोडा मागं घेतला. त्याचा हत्ती माझ्या प्याद्यांच्या मागं घुसला. दोन चालींनी मी हात पुढं केला आणि हार मान्य केली.

बाहेर आवारात लिंबाखाली बाकडं होतं. पप्पा तिथं बसले होते. त्यांची पोरं लांब उभी होती. एक बाई मुलाचं दप्तर ओढून त्याला घेऊन चालली होती आणि पप्पांकडं बघत नव्हती. एक गृहस्थ आले, पप्पांच्या शेजारी चहाचा कप ठेवून गेले. मी जाऊन बसले.

"कधी लावलीत?"

"तुझ्या आधी तीन आठवडं. म्हटलं, आधी आपल्यावर बघू. काही अपाय झाला तर मला होईल." त्यांनी चहाला हात लावला नाही. "हात आपोआप चालायला लागला तवा मला वाटलं, झालं, हीच विद्या. लई आनंद झाला होता मला."

"मला कधी सांगितलं नाहीत. मी इतकं बोलत होते तुम्हाला. एकदा तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू माफ करून टाकलं असतंस." ते जमिनीकडं बघत म्हणाले. "बापबी आपल्यासारखाच अडकलाय म्हणून. एवढ्या स्वस्तात मला सुटायचं नव्हतं."

या माणसाला कवटाळावं की गदागदा हलवावं ते मला कळेना. "अजून माफ केलेलं न्हाई," मी म्हणाले.

"बरं केलंस."

मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "बरोबरी हातात होती की गं. घोडा मागं कशाला घेतलास?"

मी खूप शोधलं. घाई झाली होती का? थोडी. भ्याले होते का? नव्हते. घोडा होता तिथंच चांगला होता, मला ते दिसतही होतं.

"चुकले," मी म्हणाले. "मीच चुकले, पप्पा. मला दुसरं काही करता आलं असतं."

"आलं असतं की," ते म्हणाले.

आणि मला रडू फुटलं. विजेतेपद गेलं होतं, हातातोंडाशी आलेलं, आणि ते माझ्यामुळंच गेलं होतं. पोरं बघत होती, सन्मती पायऱ्यांवर बक्षिसासाठी थांबला होता, आणि मी ओढणी तोंडाशी धरून लहान मुलीसारखी रडत होते. काळ्या सोंगट्यांनी इतकी वर्षं हरत आले, पण हरल्याचं रडू मला त्या दिवशी पहिल्यांदा आलं.